जुना ऑर्गन आणि त्याची दुरुस्ती

कोणत्याहि जुन्या उपासनामंदिरांत गेलें असतां एका कोपऱ्यांत चादरीखालीं झांकलेली उंच लाकडी पेटी पुष्कळदां दृष्टीस पडते. तिच्यावर कोणी फुलदाणी ठेविलेली असते, कोणी जीर्ण गीतपुस्तकांचा ढीग रचिलेला असतो. ही कसली पेटी, असें विचारलें तर "जुना ऑर्गन आहे, वाजत नाहीं," एवढेंच उत्तर मिळतें, आणि कांहीं दिवसांनीं तिची जागा रिकामी झालेली दिसते.

गेल्या उन्हाळ्यांत सातारा जिल्ह्यांतील एका लहानशा मंडळीचा असाच एक ऑर्गन भंगाराच्या भावानें विकावयाचा बेत चालला होता. भाता फाटलेला, मागील फळीस वाळवी लागलेली, निम्म्या पट्ट्या मुक्या आणि उरलेल्यांपैकीं दोनतीन दाबल्यावांचून ओरडणाऱ्या, अशी त्याची अवस्था होती. मंडळीच्या पंचांपाशीं आम्हीं एका सुटीची मुदत मागून घेतली, वरच्या वर्गांतील पांच विद्यार्थी सोबतीस घेतले, आणि तो ऑर्गन उघडला. त्या कामांत आम्ही काय शिकलों, आणि एके ठिकाणीं केवढी चूक केली, तें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें म्हणून हा लेख लिहीत आहों.

प्रथम ऑर्गन बोलतो कसा, तें पाहूं. पावसाळ्याच्या आरंभीं रुजलेली आंब्याची कोय दगडावर घासून तिची पिपाणी आपण सर्वांनीं वाजविली आहे. फुंकर घातली कीं कोयीच्या दोन दळांच्या फटीत कंप उत्पन्न होतो आणि आवाज निघतो. ऑर्गनचें तत्त्व ह्याच जातीचें आहे. पितळेच्या लहान चौकटींत एक अरुंद फट असते व तिच्यावर पितळेचीच एक पातळ जीभ एका टोंकास घट्ट बसविलेली असते. कारागीर हिला 'रीड' म्हणतात. फटींतून वारा जाऊं लागला कीं जीभ खालींवर हलते आणि वाऱ्याच्या झोताचे तुकडे पाडते. एका सेकंदांत किती तुकडे पडतात त्यावर स्वराची उंची ठरते. लांब जीभ सावकाश हलते, म्हणून तिचा स्वर खर्जांतला. आंखूड जीभ त्वरेनें हलते, म्हणून तिचा स्वर तारांतला.

आपल्या घरच्या हातपेटींत भाता दाबल्यावर आंतील वारा जिभांतून बाहेर पडतो. अमेरिकन पद्धतीच्या ऑर्गनांत ह्याच्या अगदीं उलट घडतें. पायाखालच्या दोन फळ्या आळीपाळीनें दाबल्या कीं पेटीच्या पोटांतील हवा उपसली जाते, आणि ती पोकळी भरून काढण्यासाठीं बाहेरची हवा जिभांतून आंत शिरते. म्हणजे हातपेटी बोलते ती श्वास सोडतांना, आणि हा ऑर्गन बोलतो तो श्वास घेतांना. त्याच्या स्वरास जो मऊपणा असतो त्याचें एक कारण हें आहे. मोठ्या ऑर्गनांत बहुधा पांच सप्तकें, म्हणजे ६१ पट्ट्या असतात. आणि प्रत्येक पट्टीमागें एकच नव्हे, तर दोन, तीन किंवा अधिकहि जिभा असतात. त्यांपैकीं कोणत्या ओळीनें बोलावें हें समोरच्या खुंट्या ओढून ठरवितात. ह्या खुंट्यांस 'स्टॉप' म्हणतात.

हें वाद्य आपल्याकडे आलें कसें? इ. स. १८४२ मध्यें पॅरिस येथें आलेक्सांद्र देबें ह्यानें 'हार्मोनियम' ह्या नांवानें अशा वाद्याचें पेटंट घेतलें. पुढें अमेरिकेंत बोस्टनची मेसन अँड हॅम्लिन कंपनी, ब्रॅटलबरो गांवचा एस्टी ह्यांचा कारखाना वगैरे ठिकाणीं वर सांगितलेल्या पद्धतीचे ऑर्गन हजारोंनीं निघूं लागले. साताऱ्यास अमेरिकन मिशनचें काम १८४९ पासून सुरू झालेलें होतें. आणि उपदेशकांबरोबर जगभर जीं वाद्यें गेलीं त्यांत ऑर्गन प्रमुख होता. दौऱ्यावर नेण्यासाठीं घडी घालून ट्रंकेप्रमाणें उचलतां येईल असा लहान ऑर्गनहि निघाला होता. इकडे कलकत्त्यास द्वारकानाथ घोष ह्यांनीं १८७५ च्या सुमारास, मांडी घालून बसणाऱ्या गायकास एका हातानें भाता हलवितां येईल अशी पेटी तयार केली, आणि तीच आज घरोघर दिसते.

परंतु ऑर्गन केवळ मंदिरांतच राहिला असें मात्र नाहीं. ज्या सांगलींत १८४३ मध्यें विष्णुदास भावे ह्यांनीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणिलें, आणि आज जो सांगली जिल्हा म्हणून ओळखला जातो त्यांतील नागठाणें येथें १८८८ मध्यें ज्यांचा जन्म झाला, त्या बालगंधर्वांच्या गाण्यास ऑर्गनची साथ असे. एकच वाद्य रविवारीं सकाळीं मंदिरांत स्तोत्राचे सूर काढी, तर शनिवारीं रात्रीं दुसऱ्या कोणा गांवीं नाट्यपदाची साथ करी. आमच्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांनीं आमचें काम चाललेलें पाहून पहिला प्रश्न केला तो असा, "गुरुजी, हा नाटकवाल्यांचा कीं देवळांतला?" दोन्ही घरांतील वडील माणसांच्या आठवणी ह्या एका नादांत गुंतलेल्या आहेत.

आतां दुरुस्तीकडे वळूं. पहिला नियम असा कीं, कांहींहि सुटें करण्यापूर्वीं तें जसें आहे तसें टिपून ठेवावें. आम्हीं प्रत्येक खेपेस छायाचित्र घेतलें आणि एका फळीवर ६१ खांचा करून तींत जिभा ओळीनें मांडल्या. एका जिभेची जागा चुकली तर तिची खरी जागा शोधण्यांत अर्धा दिवस जातो. जीभ बाहेर काढण्यासाठीं बारीक अंकुडी लागते. पकडीनें ओढली तर चौकट वांकते. मुक्या झालेल्या जिभांपैकीं बहुतेक खरोखर बिघडलेल्या नव्हत्या. कोठें फटीत धुळीचा कण, कोठें कोळिष्टक, कोठें मेलेला किडा अडकलेला होता. मऊ कुंचल्यानें तें झाडतांच त्या बोलूं लागल्या. पितळ चकचकीत करण्याचा मोह विद्यार्थ्यांस फार झाला. परंतु घासल्यानें धातू झिजते आणि सूर सरकतो, म्हणून आम्हीं तो आवरावयास लाविला.

ज्या पट्ट्या दाबल्यावांचून ओरडत होत्या त्यांच्या खालच्या झडपांचें कातडें वाळून कडक झालें होतें व नमद्यास कसर लागली होती. झडप नीट बसली नाहीं म्हणजे वारा चोरून शिरतो. कातडें व नमदा नवे बसविले. भात्याचें कापड तर बोट लावतांच फाटत होतें. तें सर्व काढून रबर चढविलेलें नवें कापड लावावें लागलें. येथें चिकटविण्याचा प्रश्न आला. विद्यार्थ्यांनीं बाजारांतील नव्या गोंदाची बाटली आणिली होती. परंतु मिरजेस जेथें पिढ्यान्‌पिढ्या सतारी व तंबोरे घडत आले आहेत, आणि ज्या कामास २०२४ मध्यें भौगोलिक मानांकनाचा मान मिळाला, तेथील एका वृद्ध कारागिरांस आम्हीं विचारलें. ते म्हणाले, "सरसच लावा. आज तुम्ही चिकटवाल, पण पन्नास वर्षांनीं दुसऱ्या कुणाला तें उघडायचं आहे." सरस ऊन पाण्याच्या वाफेनें सुटतो, नवा गोंद लाकूड फाडूनच सुटतो. मागून येणाऱ्या माणसाची सोय पाहणें हा दुरुस्तीचा दुसरा नियम आम्ही त्यांच्याकडून शिकलों.

ह्याच सरसामुळें पुराचें पाणी मात्र ऑर्गनास घातक ठरतें. २००५, २०१९ व २०२१ ह्या वर्षीं कृष्णेचें पाणी सांगलींतील घरांघरांत शिरलें, हें आपणांपैकीं कित्येकांनीं अनुभविलें आहे. भिजलेलें वाद्य घाईनें उन्हांत ठेवूं नये; लाकूड एका अंगानें वाळून पिळवटतें. चिखल ओल्या फडक्यानें टिपून घ्यावा, मागील फळी काढावी, आणि वाद्य सावलींत वाऱ्यास आठवडेच्या आठवडे हळूहळू वाळूं द्यावें. सांधे सुटले तरी निराश होऊं नये. ते पुन्हां सांधतां येतात, आणि पितळी जिभा बहुधा वांचतात.

आतां आमच्या चुकीची हकीकत. सर्व जिभा जागेवर बसल्यावर आम्ही सूर मिळवूं लागलों. जिभेच्या मोकळ्या टोंकाकडील धातू किंचित् खरवडली तर टोंक हलकें होऊन स्वर चढतो. मुळाकडील खरवडली तर जीभ लवचीक होऊन स्वर उतरतो. पहिली ओळ नीट जमली. दुसऱ्या ओळीच्या खुंटीवरील अक्षरें पुसून गेलीं होतीं. ती ओढतांच उजव्या अर्ध्या भागांतील प्रत्येक स्वर पहिल्या ओळीशीं थोडा विसंवादी ऐकूं येऊं लागला. दोन्ही एकदम वाजविल्या तर नाद थरथरे. आम्हांस वाटलें, काळानें सूर उतरला. तीन दिवस बसून आम्हीं सतरा जिभा पहिल्या ओळीशीं तंतोतंत मिळविल्या, आणि स्वतःवर फार खूष झालों.

रविवारीं उपासनेनंतर एक वृद्ध बाई जवळ आल्या. त्यांचे यजमान कित्येक वर्षें हाच ऑर्गन वाजवीत असत. त्या म्हणाल्या, "मास्तर, बाजा झ्याक वाजतुया, पर ह्यो आमचा बाजा न्हवं. आमचा बाजा जरा रडल्यावानी वाजायचा."

आम्हीं हंसून तें बोलणें मनावर घेतलें नाहीं. म्हातारपणीं कान मंद होतात, असें आम्हीं विद्यार्थ्यांस सांगितलेंहि. परंतु तें 'रडल्यावानी' मनांतून जाईना. पुढें त्याच बनावटीचा दुसरा एक ऑर्गन पाहण्याचा योग आला. त्याच्या त्याच खुंटीवर 'व्हॉक्स सेलेस्ते', म्हणजे 'स्वर्गीय वाणी', असें स्पष्ट लिहिलेलें होतें. ती ओळ मूळचीच मुद्दाम किंचित् विसंवादी मिळविलेली असते. समजा, एका जिभेचीं सेकंदास ४४० आंदोलनें होतात आणि तिच्या जोडीच्या जिभेचीं ४४३. दोन्ही एकदम वाजल्या म्हणजे त्यांचीं आंदोलनें सेकंदास तीन वेळां एकमेकांस पुष्टि देतात व तीन वेळां एकमेकांस मारतात. त्यामुळें नाद तीन हेलकावे घेतो. हाच तो कंप, हेंच तें रडणें. काळानें बिघडलेलें म्हणून आम्हीं जें काढून टाकिलें तें त्या ऑर्गनचें काळीज होतें. त्या बाईंचे कान शाबूत होते. मंद होते ते आमचे.

आम्ही त्यांच्या घरीं गेलों व क्षमा मागितली. नंतर त्या सतरा जिभा पुन्हां मुळाशीं खरवडून हळूहळू पूर्वस्थितीस आणिल्या. परंतु दोनदां खरवडलेली धातू परत येत नाहीं. एक जीभ तुटली. तिच्या जागीं गुजराथेंतील पालिताणा गांवीं, जेथें पेटीच्या रीड तयार होतात, तेथील एक पट्टी बेतून बसविली आहे. तिचा आवाज शेजारणींहून थोडा निराळा येतो, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला तो दरवेळीं आमच्या उतावळेपणाची आठवण देतो.

शुद्ध सूर कोणता, ह्या प्रश्नानें आमच्याहून किती तरी थोर माणसांस ह्याच मुलुखांत झोंप लागूं दिली नाहीं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनीं बावीस श्रुतींचें गणित मांडून १९१० मध्यें त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि ई. क्लेमेंट्स नांवाच्या इंग्रज सनदी अधिकाऱ्याच्या साह्यानें त्या श्रुति वाजवूं शकेल असा हार्मोनियम लंडनमध्यें तयार करविला. कारण साध्या पेटींत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, आणि गायकाचा गंधार किंवा धैवत त्या भागांत तंतोतंत बसत नाहीं. १९१६ मध्यें बडोद्यास भरलेल्या संगीत परिषदेंत ह्या वाद्यावर मोठा वाद झाला व जाणत्यांनीं तें मान्य केलें नाहीं. पुढें १९४० मध्यें तर रेडिओवर पेटीस बंदी झाली, ती सुमारें तीस वर्षें टिकली. ह्या सर्व वादाचा निकाल लावण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु देवलांनीं आधीं गवयाचा गळा ऐकिला आणि मग गणित मांडिलें; आम्हीं आधीं गणित मांडिलें आणि ऐकण्याचें राहूनच गेलें.

काम चालू असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, एवढे कष्ट करण्यापेक्षां विजेचा ऑर्गन कां घेऊं नये?" प्रश्न योग्य होता. विजेच्या ऑर्गनचीहि आतां पिढ्यांची परंपरा झाली आहे. १९३५ मध्यें अमेरिकेंत लॉरेन्स हॅमंड ह्यांनीं जो ऑर्गन विक्रीस काढिला त्यांत भाता नाहीं, जीभ नाहीं. एका मोटारीनें ऐंशीहून अधिक लहान पोलादी चाकें फिरतात. प्रत्येक चाकाच्या कडेस उंचवटे असतात. ते लोहचुंबकापुढून जातांना जवळच्या तारेच्या गुंडाळींत क्षीण प्रवाह उत्पन्न होतो, आणि तो वाढवून ध्वनिक्षेपकास दिला कीं स्वर ऐकूं येतो. ही मोटार विजेच्या पुरवठ्याच्या आंदोलनांशीं पाऊल मिळवून चालते, म्हणून हा ऑर्गन कधीं सुरांत मिळवावा लागत नाहीं.

परंतु गंमत पहा. अमेरिकेंत विजेचा प्रवाह सेकंदास ६० आवर्तनें घेतो, आपल्याकडे ५०. तिकडच्यासाठीं बनविलेलें यंत्र तसेंच येथें जोडलें, तर प्रत्येक चाक सहा फेऱ्यांऐवजीं पांच फेऱ्या करील. सहास पांच हें प्रमाण म्हणजे आपल्या कोमल गंधाराचें षड्जाशीं असलेलें प्रमाण! अर्थात् वादकानें कोमल गंधाराची पट्टी दाबावी आणि ऐकूं मात्र षड्जाजवळचाच सूर यावा, असा प्रकार होईल. सर्व गीत सुमारें तीन अर्धस्वर खालीं उतरेल. म्हणून जुनें विजेचें वाद्य हातीं आलें तर तें कोणत्या प्रवाहासाठीं बनविलें आहे, हें प्रथम वाचावें.

दुसरी सूचना जिवाची आहे. वर्षानुवर्षें पडून राहिलेला विजेचा ऑर्गन एकदम बटण दाबून सुरू करूं नये. त्यांतील वीज सांठविणारे भाग, ज्यांस कंडेन्सर म्हणतात, ते जुने होऊन निकामी झालेले असतात व पेट घेऊं शकतात. जुन्या नळ्यांच्या यंत्रांत कित्येकशें व्होल्टांचा दाब असतो, आणि बटण बंद केल्यावरहि तो कांहीं वेळ आंत दबा धरून राहतो. विद्यार्थ्यांनीं त्याचें पोट स्वतः कधींहि उघडूं नये. तें काम जाणत्या माणसाचेंच होय. त्यालाहि आमचे नियम लागूच आहेत. जुनीं चाकें काढून त्या पेटींत आजचें नवें यंत्र बसविलें, तर पेटी उरेल, ऑर्गन उरणार नाहीं.

आमच्या त्या विद्यार्थ्यास आम्हीं सांगितलें कीं, नवें वाद्य अवश्य घ्यावें. मंडळीस त्याचा उपयोगच होईल. परंतु नव्यासाठीं जुनें मोडावें लागत नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ मध्यें साताऱ्यास येऊन राहिले. त्यांनीं मराठी मंडळीच्या ओठांवर अभंग व भजनें आणिलीं, टाळमृदंगास उपासनेंत मान दिला. तरीहि ऑर्गन मंदिरांतून गेला नाहीं. दोन्ही नाद एका छपराखालीं नांदले. तिसऱ्यासहि जागा आहे.

नाताळच्या सकाळीं तो ऑर्गन पुन्हां वाजला. आमच्याच एका विद्यार्थ्यानें पाय चालविले, आणि ती पुसट अक्षरांची खुंटी ओढली. गीत संपल्यावर सर्व लोक उठले. त्या वृद्ध बाई मात्र बसूनच राहिल्या. आम्ही जवळ गेलों तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, "आणि एकदां वाजवा." विद्यार्थ्यानें पुन्हां वाजविलें. ती एक निराळी जीभ मध्येंच बोलली. आमच्या कानास ती खुपली. बाईंनीं डोळे मिटले होते.

बालमित्रहो, तुमच्या घरीं, मंदिरांत किंवा गांवच्या नाटकगृहांत अशी झांकलेली पेटी असेल, तर तिच्यावरील चादर काढा. पण हत्यार उचलण्यापूर्वीं, तिचा आवाज ज्यांनीं ऐकिला आहे त्यांच्यापाशीं जाऊन बसा, आणि ती कशी वाजत असे तें विचारा. हें विचारण्याचे दिवस फार उरलेले नाहींत. पालकांसहि आमची विनंति आहे कीं, असें वाद्य विकण्यापूर्वीं एक सुटी तरी मुलांच्या हातीं द्यावें. त्यांच्याकडून चुका होतील. आमच्या हातूनहि झाल्या.